चोखून परत ठेवलेले काटे

डबा नुसता रिकामा असता तर गौरजाला एवढी किळस आली नसती.

डब्यात काटे होते. बांगड्याचे, स्वच्छ चोखलेले, एका कडेला गोळा करून ठेवलेले. शेजारी चार तिरफळं, तीही चोखून टाकलेली. मधल्या दोन तुकड्या गायब. डोकं आणि शेपूट जागेवर, आणि त्यांच्यावर तीच आमटी, जिच्यात कुणाची तरी बोटं बुडून गेली होती. वर झाकण घट्ट. डबा परत फ्रिजमध्ये, दुसऱ्या खणात, तिने सकाळी ठेवला होता तिथेच.

म्हणजे चोराची इच्छा अशी, की उरलेलं तिने जेवावं.

ती जामसंड्यातल्या कातळवाडी आंबा बागायतदार संस्थेत आमरसाचे नमुने तपासायची. तोंडातला चमचा एकदा बरणीत गेला की रसाचं पुढे काय होतं, हे तिला रोजच दिसायचं. दिवाळीपासून आपली आमटी दुपारपर्यंत आंबट का लागते, हे तिला आज कळलं. सहा महिने ती कुणाचं तरी उष्टं जेवत होती.

"सिद्धेश!"

सिद्धेश संस्थेच्या बागा बघायचा. सगळ्यात जास्त डबे त्याचेच गेलेले. त्याने आत डोकावलं.

"गेलो? आज तुझो नंबर. काल माझी सुरमय गेली."

"अरे, काटे परत ठेवलेत डब्यात."

"माझ्याय डब्यात ठेयता. वर झाकण लावता, बग कसो सभ्य आसा तो."

आवाज ऐकून मोरीवरून काशीबाई आली. हात ओले होते, ते पदराला पुसत दारात थांबली. संस्थेची शिपाई. नऊ वर्षं रोजंदारीवर. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मागून मुख्य लिपिक गुरुदास लंगडत आले, काशीबाईच्याच गावचे, मिठबावचे. एका पायात बूट, दुसरा सुजलेला पाय चपलेत. युरिक ॲसिड. डॉक्टरांनी मासे बंद केल्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्यांच्या डब्यात डाळ-भाताशिवाय काही नसायचं, हे सगळ्या ऑफिसला पाठ होतं. सकाळी ऑफिसातल्या गणपतीपुढे दिवा तेच लावायचे.

"शनिवारी सभेत काय तो निकाल लागेल," ते म्हणाले. "नाहीतर मी सांगतो तसं करा. देवळात न्या आणि शपथेचा नारळ उचलायला लावा. खोटेपणा आठ दिवसांत बाहेर पडतो."

कुणाला न्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. काशीबाई मोरीवर परत गेली.

*

व्यवस्थापक कौस्तुभ सांगलीकडचा. माशांचं त्याला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

"सर, मला माझी सही मागे घ्यायची आहे."

"कशावरची?"

"सोमवारच्या पत्रावरची. काशीमावशीला कमी करा, असं आम्ही चौघांनी लिहून दिलं ते."

कौस्तुभने पेन ठेवलं. "शनिवारी तिला कायम करायचा ठराव होता. त्याच्याऐवजी तुमचं पत्र ठेवलंय मी सभेपुढे. आता बदलू?"

"पुरावा काय आहे तिच्याविरुद्ध?"

"तुम्हीच दिलात की. फेब्रुवारीत सहा ते सोळा ती रजेवर होती. अकरा दिवस एकही डबा गेला नाही. ती आली आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू."

हे खरं होतं. याच जोरावर गौरजाने सोमवारी सही ठोकली होती. दोन मिनिटंही विचार केला नव्हता. आता तिला आमटीपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

"सर, काशीमावशी रोज आम्हा सगळ्यांचे डबे घासते. तिने चोरलं असतं तर डबा घासूनपुसून ठेवला असता, काटे माडाच्या मुळात टाकले असते. हे काटे ज्याने डब्यात ठेवलेत, त्याने जन्मात स्वतःचं ताट उचललेलं नाही."

"हा काही पुरावा नाही."

"नाही. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"पॅसेजमध्ये कॅमेरा पुढच्या महिन्यात येतोय, तोवर..."

"पुढच्या महिन्यात मावशी इथे नसेल, सर."

कौस्तुभने घड्याळात बघितलं. "शुक्रवार. त्यापुढे नाही."

*

सिद्धेशला तिने पॅकिंग शेडमध्ये गाठलं.

"डबे कधी जातात, लक्षात आलंय तुझ्या?"

"बाराच्या सुमाराक. मुंबयची गाडी भरता तेवा."

"तेव्हा वर ऑफिसात कोण असतं?"

"कोण ना कोण येता-जाता गो. एकाची पावती ऱ्हवता, दुसऱ्याचो चष्मो. मी पण जातंय पाणी पियाक. धर माका."

"तुझे नऊ डबे गेलेत. स्वतःचेच चोरशील?"

"माझ्या बायलेच्या हातची आमटी चोरूक छाती होयी." तो हसला, मग पेटीवर टेकला. "खरा सांगू? त्या अकरा दिसांत मी राजासारखो जेवलंय. एकदा तर सुरमय डब्यात विसारलंय. दुसऱ्या दिसाक बगतंय तर जशीच्या तशी. तेवाच माका वाटलां, काशीबायच ती."

"सुरमई दोन दिवस फ्रिजमध्ये, आणि कुणी हात लावला नाही?"

"कोणी नाय."

प्राजक्ता कॉम्प्युटरवर बसायची. पोरगी भिडस्त, विचारल्याशिवाय बोलायची नाही.

"तुझं कधीच काही गेलं नाही ना?"

"एकदा गेलं. पण ते चोरीत धरू नको."

"का?"

"मासे नव्हतेच. काळ्या वाटाण्याची उसळ. सगळी खाल्ली आणि बोटाने डबा पुसून परत ठेवला. मला वाटलं सिद्धेशने मस्करी केली. कशाला बोला?"

"कधीची गोष्ट?"

प्राजक्ताने आठवलं. "पेटीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. अकरा फेब्रुवारी. घाईत होते मी, दिवाही मलाच लावायचा होता."

"दिवा तर गुरुदासकाका लावतात."

"रोज तेच. पण तेव्हा दहा-बारा दिवस मला सांगितलं होतं. पाय दुखतो, देवापुढे उभं राहवत नाही म्हणाले."

गौरजा टेबलाच्या कडेवर टेकली. "प्राजक्ता, अकरा तारखेला काशीमावशी धामापूरला होती. मुलीच्या बाळंतपणाला."

प्राजक्ताचा हात की-बोर्डवरच राहिला. "म्हणजे चोर तेव्हा इथे होता?"

"इथेच होता. फ्रिजमध्ये सुरमई होती ती त्याने सोडली, आणि तुझे वाटाणे खाल्ले."

"सुरमई सोडून वाटाणे? असा कोण असतो?"

"ज्याचं शिवराक असतं, मासे-मटण बंद असतं, तो."

"सलग अकरा दिवस? श्रावण नाही, काही नाही. माणूस सोमवार पाळेल, गुरुवार पाळेल. अकरा दिवस कोण मासे सोडतं?"

गौरजाने फोनवर ऑफिसचा ग्रुप उघडला आणि पेटीपूजनाचा फोटो शोधला. हंगामातली पहिली पेटी मध्ये. कौस्तुभच्या कपाळाला गंध. सिद्धेश नारळ फोडायच्या पवित्र्यात. प्राजक्ताच्या हातात आरतीचं ताट. मागे, मांडवाच्या बाहेर, गाडीजवळ गुरुदास. खांद्यावर भरलेली पेटी, दोन्ही पायांत बूट, चार-पाच दिवसांची दाढी वाढलेली.

तिने फोटो मोठा करून बघितला आणि फोन बंद केला.

*

गुरुवारी सकाळी गुरुदास दिवा लावून वळत होते. गाल गुळगुळीत, पाय सुजलेला.

"काका, पाय कसा आहे?"

"वाढलाय गो बाय. दोन वर्षां माशाचो काटो तोंडात नाय, तरी सूज उतरना नाय. डॉक्टर पण चक्रावलो."

"फेब्रुवारीत बरा होता ना मध्ये?"

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग ऑफिसची भाषा काढली. "फेब्रुवारीत तर उभं राहवत नव्हतं. तू तुझे नमुने बघ. नसत्या चौकशा कशाला?"

दुपारी ती मोरीवर काशीबाईजवळ जाऊन उकिडवी बसली. काशीबाई राखेने डबे घासत होती. गौरजाचा डबाही त्यात होता.

"मावशी, त्या पत्रावर माझी पण सही आहे."

"म्हायत आसा." काशीबाईने मान वर केली नाही. "तू लिवलंस, तां वाईट वाटलां. बाकीच्यांचां काय नाय."

गौरजाने राखेची वाटी तिच्याकडे सरकवली.

"काढतले तर काढूंदेत," काशीबाई म्हणाली. "मजुरी खंयय गावतली. पण मिठबावात काय सांगू? माझो जावई काय म्हणतलो? नव्या नातवाक घेवन येतली चेडू, आणि आवस चोरटी?"

"नारळ उचलायला सांगितलं तर?"

"उचलतंय. माका भय कसला? पण बायलमाणसान एकदा नारळ उचललो की गाव म्हणता, उचलूचो लागलो ना? थंयच संपला."

नळाखाली डबा धरून तिने खळखळून धुतला. गौरजाने हळूच विचारलं, "फेब्रुवारीत मिठबावात कोण वारलं का गो?"

"विश्राम नाय? पाच तारखेक. दुसऱ्या दिसाक मी धामापूराक गेलंय."

"त्याची भावकी मोठी?"

"भावकीचा नाव काढू नको. काजूच्या बागेवरसून कोर्टात दावो चललो हा धा वर्षां. एक घर म्हणता, विश्राम आमच्या घराण्यातलो न्हयच, तेका वाटो कसलो? कागदार लिवन दिल्यानी. मेलो तेवा बगूक पण येवक नाय."

"कुठलं घर?"

काशीबाईने डबा पालथा घातला आणि नाव सांगितलं.

गौरजाने मान हलवली. "उद्या माझ्या डब्याला हात लावू नको, मावशी. कोणी सांगितलं तरी."

*

शुक्रवारी तिने पाच बांगडे केले. खोबरं, मिरची, वर तिरफळं ठेचून. झाकण लावलं आणि दहा वाजता दुसऱ्या खणात ठेवला. बाराला गाडी भरायला लागली. तीही शेडमध्ये गेली, पाठ ऑफिसकडे करून उभी राहिली, एकदाही मागे वळली नाही. कोण वर गेलं ते तिला बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर नुसता तिचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द झाला असता.

दीड वाजता सगळे लांब टेबलाशी बसले. कौस्तुभही होता, तिनेच बोलावला होता. काशीबाई दाराशी पाट घेऊन. गुरुदासांनी डाळ-भात कालवला.

गौरजाने डबा उघडला. मधल्या तुकड्या नव्हत्या. काटे होते, कडेला नीट लावलेले.

ती ओरडली नाही. तिने डबा टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

"हे जेवायचे नव्हते," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा मुलगा पंधरा दिवस तापाने फणफणतोय. औषध लागू होत नाही. काल एका जाणत्याने सांगितलं तसा उतारा काढला. हे बांगडे सात वेळा त्याच्यावरून ओवाळलेत. संध्याकाळी तिठ्यावर ठेवायचे होते. घरी मांजर, म्हणून इथे आणले."

कुणी घास घेतला नाही.

"गो, उतारो फ्रिजात ठेयलंस?" सिद्धेशने आपला डबा लांब सरकवला. "आमच्या जेवणाशेजारी?"

"चुकलं माझं. पण ज्याने खाल्ले त्याने आत्ता सांगा. मला राग नाही. त्या पोराच्या अंगातलं आता त्याच्या अंगात गेलंय, म्हणून सांगते."

प्राजक्ता पांढरी पडली, पण डब्याकडे बघत राहिली. सिद्धेशने शिवी घातली. काशीबाई म्हणाली, "अरे देवा, कोणी खाल्ल्यानी रे?"

गुरुदासांच्या हातातला भात ताटात पडला. ते उठले, खुर्ची मागे आपटली. बेसिन पॅसेजच्या टोकाला होतं. घशात बोटं घालतच ते धावले. फ्रिजपर्यंत पोचले आणि तिथेच वाकले.

जे बाहेर पडलं त्यात डाळ नव्हती. बांगडा होता. तिरफळाचा वास टेबलापर्यंत आला. प्राजक्ताने नाकाला ओढणी लावली. तोंड पुसत गुरुदास वळले, तेव्हा पाचही जण त्यांच्याकडे बघत होते.

"सकाळी घरी..." ते म्हणाले. "घरी जरासा..."

"घरी? दोन वर्षं बंद आहेत ना? काकीला फोन लावू?" गौरजा उठली. "उतारा-बितारा काही नाही, काका. भाचा शाळेत आहे, धडधाकट. बांगडे काल बाजारातून आणले, आणि जेवायचेच होते."

गुरुदासांनी फ्रिजचा आधार घेतला. कौस्तुभ म्हणाला, "थांबा. मला नीट कळू द्या. ह्यांना मासे चालत नाहीत, मग..."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही, सर. घरी काकी देत नाही, म्हणून इथे आमचे. पाय बघा त्यांचा. मासा तोंडात नाही म्हणतात आणि सूज उतरत नाही. ती फक्त एकदाच उतरली. फेब्रुवारीत, नेमके ते अकरा दिवस. ह्या फोटोत बघा, दोन्ही पायांत बूट, खांद्यावर पेटी."

तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"आणि त्याच दिवसांत प्राजक्ताला सांगत होते, पाय दुखतो, दिवा तू लाव. पाय सुजलेला असतो तेव्हा हे दिवा लावतात. पाय बरा झाला आणि दिवा सोडला. दाढी सोडली. पूजेच्या मांडवात पाऊल ठेवलं नाही. मासे सोडले, पण चोरी सोडली नाही. फ्रिजमध्ये सुरमई असताना ह्यांनी प्राजक्ताचे वाटाणे खाल्ले. सर, तुमच्याकडे असं माणूस कधी करतो?"

कौस्तुभ सावकाश म्हणाला, "सुतकात."

"सुतक?" गुरुदास ओरडले. "माका खंयचा सुतक? माझ्या घरात कोण मेलो?"

"मिठबावचा विश्राम."

गुरुदासांचा हात फ्रिजवरून सुटला.

"तो तुमचा कोणी नाही, असं तुम्ही कोर्टात लिहून दिलंय," गौरजा म्हणाली. "बाग मिळावी म्हणून. त्याच्या मातीला गेला नाहीत. पण देवाचं भय वाटलं, म्हणून लपून सुतक पाळलंत. काका, तुम्ही दुसऱ्याच्या डब्यात हात घालताना शिवराक पाळलंत! आता सांगा सगळ्यांसमोर. सुतक होतं की नव्हतं? होतं म्हणालात तर विश्राम तुमचा भाऊबंद. नव्हतं म्हणालात तर अकरा दिवस देवापुढचा दिवा का सोडलात ते सांगा."

गुरुदासांनी बाहीने परत तोंड पुसलं.

"मावशी नेमकी त्याच दिवसांत रजेवर गेली. तुम्हाला आयतं सापडलं. आमच्यापुढे तारखा मांडल्या कुणी? पत्राचा मजकूर सांगितला कुणी? देवळात नारळ उचलायला लावा म्हणालं कोण?"

"दोन तुकड्यांसाठी एवढा तमाशा?" गुरुदास कसेबसे म्हणाले. "मासोच तर होतो. मागलो असतो तर दिलो नसतास?"

"दिलो असतो," सिद्धेश म्हणाला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "काटे न्हयत माझ्या डब्यात ठेयाचे. मेल्या, तुझा उष्टा माझ्या पोरीन खाल्लेला आसा. सुट्टीक इली होती हंयसर, माझ्या डब्यातसून जेवली."

गुरुदासांनी मान खाली घातली. खाली जे होतं ते बघून परत वर केली.

कौस्तुभने सोमवारचं पत्र खिशातून काढलं. बहुधा सभेच्या फायलीत लावायला बरोबर ठेवलं होतं. ते त्याने चार तुकडे करून टोपलीत टाकलं. "उद्या जुनाच ठराव येईल," तो म्हणाला. "आणि तुमचं काय करायचं तेही उद्याच ठरेल, गुरुदास." वास त्याला सहन होत नव्हता. त्याने रुमाल काढला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "काशीबाई, जरा फडकं आणा. पुसून घ्या हे."

काशीबाई पाटावरून उठली. मोरीवर गेली. बादली आणि फडकं घेऊन आली, आणि दोन्ही गुरुदासांच्या पायाशी ठेवलं.

"सहा म्हयने तुमचे काटे मी उचललंय," ती म्हणाली. "माका म्हायत नव्हतां कोणाचे ते. आता म्हायत झालां."

गुरुदासांनी प्राजक्ताकडे बघितलं. ती डबा आवरत होती. सिद्धेशकडे बघितलं. मग कौस्तुभकडे. त्याने रुमाल नाकाला लावून खिडकीबाहेर नजर वळवली.

सुजलेला पाय बाजूला काढून गुरुदास कसेबसे खाली बसले. फडकं बादलीत बुडवलं. पिळायचं कसं ते त्यांना येत नव्हतं, पाणी मनगटावरून बाहीत गेलं. ते पुसू लागले. पाचही जण उभे होते. काशीबाई पदर खोचून दारात, शिकाऊ बाईचं काम बघावं तसं बघत.

बऱ्याच वेळाने ते उठायला लागले.

"थांबा," काशीबाई म्हणाली. "थंय फ्रिजाच्या बुडात बगा. एक काटो ऱ्हवलो."